जोड लावणारे यंत्र : 'हेलो २' आणि अनोळखी माणसांचा सामना

"काका, मले दरवेळी तगडेच भेटतात, असं काऊन?" हा प्रश्न माझ्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत विचारला, तेव्हा तो अंगणातल्या बाजेवर आडवा पडून मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात लागोपाठ चौथ्यांदा हरला होता. सूर तक्रारीचा होता, पण प्रश्न खोल होता. आपल्यासमोर कोण उभा राहणार हे ठरवतो कोण, कशावरून ठरवतो, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातील बाजेवरचा एक मुलगा व दूरच्या शहरातील दुसरा मुलगा एकाच क्षणी एकाच मैदानात कसे उतरतात, याचा माग काढत गेलो की वाट एका जुन्या खेळापाशी येऊन थांबते. तो खेळ म्हणजे ९ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आलेला 'हेलो २'.

हा 'हेलो' म्हणजे फोन उचलल्यावर म्हणतात तो हॅलो नव्हे. देवाच्या तसबिरीत मस्तकामागे जे तेजोवलय काढलेले असते, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. कथेत अंतराळात तरंगणारे एक अवाढव्य कडे आहे, आणि त्या कड्यावरून या मालिकेला नाव मिळाले. सव्विसाव्या शतकातील माणूस, परग्रहावरील जमातींची 'कॉव्हेनंट' नावाची धर्मवेडी युती, आणि त्यांच्याशी लढणारा हिरव्या चिलखतातला 'मास्टर चीफ' हा योद्धा, एवढे कथेविषयी पुरे. बंगी या अमेरिकी कंपनीने हा खेळ बनवला आणि मायक्रोसॉफ्टने तो टीव्हीला जोडून खेळायच्या आपल्या एक्सबॉक्स या यंत्रासाठी प्रकाशित केला. अमेरिका आणि कॅनडात पहिल्या २४ तासांत त्याच्या सुमारे २४ लाख प्रती विकल्या गेल्या व सुमारे साडेबारा कोटी डॉलरची विक्री झाली. कथा मात्र अर्ध्यावर तुटल्यासारखी संपते, ही त्या वेळच्या खेळाडूंची तक्रार होती आणि ती खरी आहे. तरीही हा खेळ आज आठवला जातो तो कथेमुळे नाही. अनोळखी माणसांची जोड लावण्याची जी रीत त्याने घालून दिली, तिच्यामुळे तो आठवला जातो.

'जोड लावणे' हा शब्द मी आमच्या आखाड्यातून घेतला आहे आणि या लेखापुरता तोच वापरणार आहे. गावात आमदंगल असते तेव्हा मल्ल कुठून कुठून येतात आणि बहुतेकांना एकमेकांचे नावही ठाऊक नसते. पंच त्यांना आखाड्यात उभे करतात, मान-खांदे न्याहाळतात, वस्ताद कोण ते विचारतात, मागच्या वर्षी कुणाला चीत केले ते आठवतात, आणि मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. जोड चुकली तर दहा सेकंदांत एकाची पाठ मातीला लागते आणि बघणारे चहाच्या टपरीकडे वळतात. जोड जमली तर ती काटा कुस्ती होते, आणि सबंध गाव श्वास रोखून बसते. चांगल्या पंचापुढे नेहमी तीन अडचणी असतात. मल्लाची खरी ताकद त्याला नेमकी माहीत नसते, योग्य जोड येईपर्यंत मल्लाला तासन्‌तास ताटकळत ठेवता येत नाही, आणि त्या दिवशी आखाड्यात जे आले आहेत त्यांच्यातूनच निवड करावी लागते. संगणकाला जोड लावायला बसवले तरी या तीन अडचणी जशाच्या तशा राहतात, आणि चौथी एक वाढते, ती अंतराची. तिच्याकडे मी नंतर येतो.

पहिला 'हेलो' नोव्हेंबर २००१ मध्ये आला, तेव्हा त्यात इंटरनेटवरून खेळण्याची सोय नव्हती. एका टीव्हीचा पडदा चार भागांत वाटून चौघांनी खेळायचे, किंवा चार यंत्रे केबलने एकमेकांना जोडून सोळा जणांनी खेळायचे. त्यासाठी लोक आपापले यंत्र आणि जड डब्बा टीव्ही उचलून मित्राच्या घरी नेत. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून ज्यांनी देवळापुढे रात्रभर सिनेमे पाहिले आहेत, त्यांना या खटाटोपातला आनंद वेगळा सांगायला नको. तिथे जोड लावण्याचा प्रश्न नव्हता, कारण खोलीत होते तेवढेच खेळाडू आणि सगळे ओळखीचे.

एक्सबॉक्स लाइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेट सेवा नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली. त्या काळी संगणकावर असे खेळ खेळणाऱ्यांपुढे बहुधा एक लांबलचक यादी यायची. कुणी सामना उघडून ठेवला आहे, त्यात किती जण आहेत, जोडणी किती संथ आहे, हे वाचून खेळाडूने स्वतः एक सामना निवडायचा. निवडावा तो भरलेला निघायचा, आत गेलो तर सामना संपत आलेला असायचा, किंवा यजमानाने आपल्या दोस्तांना एका बाजूला घेऊन नवख्यांना चोपायचा कार्यक्रम लावलेला असायचा. बैलबाजारात दलालाशिवाय पहिल्यांदा गेलेल्या माणसाची जी गत होते, तीच इथे होत असे.

बंगीने ही यादीच काढून टाकली. 'हेलो २' मध्ये खेळाडू सामना निवडत नाही, सामन्याचा प्रकार निवडतो. या प्रकारांच्या गटाला 'प्लेलिस्ट' म्हटले गेले. एकटा विरुद्ध एकटा, सगळे विरुद्ध सगळे, चार विरुद्ध चार, आठ विरुद्ध आठ, असे ते गट होते. कोणता नकाशा, कोणता डाव आणि समोर कोण, हे सर्व यंत्रणा ठरवीत असे. डावही निरनिराळे होते. कुठे फक्त शत्रू टिपायचे, कुठे विरुद्ध तळावरचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा, तर कुठे एक कवटी जास्तीत जास्त वेळ हातात धरून ठेवायची. हे गट कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकांवर, होते, त्यामुळे घरोघरी पोचलेल्या खेळाच्या तबकडीला हात न लावता ते बदलता येत. एखादा नकाशा लोकांना नकोसा झाला तर तो पुढच्या फेरीत मागे टाकता येई. आज मोबाईलवरच्या खेळात 'नवीन सीझन' येतो तेव्हा जे घडते, त्याचे बीज इथे दिसते. याआधी आपोआप जोड लावणारे खेळ नव्हतेच, असे मी म्हणणार नाही, संगणकावर ते होते. पण टीव्हीपुढे बसून खेळणाऱ्या सामान्य माणसासाठी तोच मुख्य दरवाजा करण्याचे धाडस या खेळाने केले.

यात एक मोठा धोका होता. दोस्तांबरोबर खेळणाऱ्याला यंत्रणेने भलत्याच टोळीत टाकले तर खेळाची सगळी गंमत जाते. त्यावर काढलेला उपाय आज इतका सवयीचा झाला आहे की त्यात कुणाला नवल वाटत नाही. त्याचे नाव 'पार्टी'. मित्रांनी आधी एकत्र जमायचे आणि मग एकाने सामना शोधायला सुरुवात केली की सगळे जण मिळून त्यात जायचे. सामना संपला तरी टोळी फुटत नाही, गप्पा चालू राहतात, आणि पुढचा सामना तीच मंडळी खेळते. कल्पना अशी होती की एकाच बैठकीवर खांद्याला खांदा लावून खेळण्याचे सुख तारेवरून मिळावे. बोलण्याची सोयही विचारपूर्वक केली होती. सामन्यात जवळ उभ्या असलेल्या विरोधकाला तुमचा आवाज ऐकू जाई, दूरच्याला जात नसे, आणि दूरच्या साथीदाराशी बोलायचे तर बटण दाबावे लागे. या बोलण्याचा शिवीगाळीसाठी यथेच्छ वापर झाला, हेही सांगितले पाहिजे. पारावर बसून आपापसांत दिलेली शिवी आणि चेहरा न दाखवता अनोळखी पोराला दिलेली शिवी यांत फार फरक आहे.

विशेष म्हणजे हा सगळा भाग सुरुवातीला दुय्यम होता. बंगीचा मूळ मनसुबा प्रचंड मैदानावरील युद्धासारखा एक डाव करण्याचा होता, आणि मॅक्स होबरमन या रचनाकाराकडे लहान, घरगुती सामन्यांचा भाग होता. वेळ पुरेना, तेव्हा तो मोठा बेत सोडून द्यावा लागला आणि होबरमन यांचा लहान भागच खेळाचा कणा बनला. मुख्य पीक बुडून धुऱ्यावर टोचलेल्या तुरीने वर्ष काढावे, तसा हा प्रकार झाला.

आता जोड लावण्याच्या गणिताकडे येऊ. ताकद मोजायची कशी? 'हेलो २' मध्ये प्रत्येक खेळाडूला १ ते ५० अशी पातळी होती, सगळे १ पासून सुरू करीत, आणि प्रत्येक प्लेलिस्टसाठी पातळी वेगळी होती. कुस्तीतल्या वस्तादाला कबड्डीत तो मान आपोआप मिळत नाही, तसेच हे. वरच्या पातळीच्या खेळाडूला हरवले तर पुष्कळ गुण मिळत, खालच्याला हरवले तर थोडे, आणि खालच्याकडून हरलात तर बरेच गमवावे लागत. हा विचार बुद्धिबळातून आलेला आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद इलो यांनी बुद्धिबळपटूंसाठी गुणांकनाची पद्धत बसवली, आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या नावापुढे जो चार आकडी अंक दिसत होता, तो या इलो पद्धतीचा.

इलोंच्या पद्धतीचे सार असे की, दोघांच्या गुणांतील फरकावरून निकालाचा अंदाज आधीच बांधायचा आणि निकाल लागल्यावर अंदाज जेवढा चुकला तेवढी दुरुस्ती करायची. दोघांचे गुण सारखे असतील तर दोघांनाही अर्धी संधी. फरक २०० चा असेल तर वरच्याने शंभर डावांतून साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते, आणि ४०० चा असेल तर ९१. वरचा जिंकला तर अपेक्षेप्रमाणेच झाले म्हणून त्याचे गुण फारसे वाढत नाहीत, आणि खालचा जिंकला तर अंदाज मोठा चुकला म्हणून दुरुस्तीही मोठी होते. यात यंत्राला खेळाडूचे कौशल्य 'दिसत' नाही. कोण कुणाकडून हरला याची वही ते ठेवते, आणि त्या वहीतून अंदाज वर-खाली सरकवत जाते.

बुद्धिबळात मात्र दोघेच असतात. चार विरुद्ध चार सामन्यात संघ जिंकला, तर श्रेय कुणाचे? शिवाय नवा मुलगा पहिलाच सामना जिंकला, तर तो खरोखर तगडा आहे की त्याचे नशीब तगडे होते? मायक्रोसॉफ्टच्या इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधन विभागात राल्फ हर्ब्रिश, टॉम मिंका आणि थोरे ग्रेपेल यांनी यावर 'ट्रूस्किल' नावाची पद्धत तयार केली आणि २००६ मध्ये ती शोधनिबंधात मांडली. त्यांनी ती पडताळली ती 'हेलो २' च्या चाचणीकाळात जमलेल्या सामन्यांच्या नोंदींवर. या पद्धतीत प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे असतात. एक कौशल्याचा अंदाज, आणि दुसरा त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. नव्या माणसाचा अंदाज २५ धरतात आणि अनिश्चितता सव्वाआठच्या थोडी वर. दाखवायचा आकडा काढताना अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात, म्हणून नवा माणूस शून्यावर दिसतो. सामने होत जातात तशी अनिश्चितता घटते, आणि अंदाज तोच राहिला तरी दिसणारा आकडा वाढतो. अनोळखी मल्लाच्या पहिल्या दोन कुस्त्यांवर पंच मत बनवत नाही, पण वीस कुस्त्या पाहिल्यावर त्याचे मत सहसा हलतही नाही. तोच शहाणपणा इथे गणितात उतरवला आहे. संघाचे कौशल्य म्हणजे त्यातील सर्वांच्या कौशल्याची बेरीज असे धरल्यामुळे संघाच्या निकालावरून एकेकाचा अंदाजही सुधारता येतो. २००७ मध्ये आलेल्या 'हेलो ३' मध्ये ही पद्धत वापरली गेली.

इथे माझ्या पुतण्याच्या तक्रारीचे निम्मे उत्तर मिळते. जोड लावणाऱ्या यंत्राचे ध्येय तुम्हाला जिंकवण्याचे नसते, काटा कुस्ती लावण्याचे असते. ते पूर्ण साधले तर तुम्ही साधारण निम्मे सामने हरणारच. शिवाय रात्री साडेअकराला खेळायला बसले की त्या पातळीचे लोक कमी उरतात, आणि यंत्रणेला दोनच वाटा राहतात. ताटकळत ठेवायचे, किंवा जोडीची अट सैल करायची. ती बहुधा अट सैल करते, कारण कंटाळून खेळ बंद करणारा ग्राहक कुणालाच नको असतो. तिसरे कारण मला मागाहून कळले. चिरंजीव आपल्या मावसभावाबरोबर पार्टी करून खेळत होते, आणि तो मावसभाऊ नागपुरात वसतिगृहात राहून दिवसभर हेच करतो. त्याच्या जोडीने गेले की समोर त्याच्या वजनाचे येणार आणि मार मात्र आमच्या चिरंजिवांना बसणार.

जोड चोख लागायची तर आखाडाही सारखा असावा लागतो. 'हेलो २' मध्ये सामना सुरू होताना सगळ्यांच्या हाती सारखे शस्त्र असे. भारी शस्त्रे नकाशात ठरलेल्या ठिकाणी ठेवलेली असत आणि जो आधी पोचेल त्याची होत. पैसे मोजून कुणाला जास्त ताकद विकत घेता येत नव्हती. दोघेही लंगोटावर उतरले तरच पंचाच्या वहीला अर्थ राहतो, आणि आजच्या कित्येक खेळांत नेमके हेच बिघडले आहे, असे माझे मत आहे. दुसरी गोष्ट कवचाची. प्रत्येक योद्ध्याभोवती ऊर्जेचे कवच असते. ते आधी फोडावे लागते, आणि थोडा वेळ आडोशाला लपले की ते पुन्हा भरते. त्यामुळे एका गोळीत निकाल सहसा लागत नाही. याचा फायदा केवळ डावपेचांना झाला नाही. तारेवरून येणाऱ्या विलंबामुळे एखादी गोळी वाया गेली, तरी तेवढ्याने सामना हातचा जात नाही.

हा विलंब म्हणजे ती चौथी अडचण. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने सरळ तार टाकली आहे असे मानले, तर संदेशाला जाऊन परत यायला सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी सात भाग लागतील. नागपूरपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, तिथे जाऊन यायला निदान पस्तीस भाग हवेत. मूळ 'हेलो २' पडद्यावर सेकंदाला तीस चित्रे काढीत असे, म्हणजे एका चित्राला तेहतीस भाग मिळत. सिंगापूरची फेरी होईतो तुमच्या पडद्यावरचे एक चित्र जुने झालेले असते. ही झाली निसर्गाने घातलेली किमान मर्यादा. प्रत्यक्षात तार वळणे घेत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्रापाशी संदेश थांबतो. मुले ज्याला 'पिंग' म्हणतात, तो आकडा या जाण्या-येण्याच्या वेळेचा.

खेड्यात पिंगपेक्षा जास्त छळते ती त्याची चंचलता. एसटी रोज वीस मिनिटे उशिरा येत असेल तर माणूस वीस मिनिटे उशिरा निघतो, अडचण होत नाही. पण ती कधी पाच मिनिटे उशिरा, कधी पाऊण तास उशिरा आली, तर काहीच आखता येत नाही. मोबाईलच्या मनोऱ्यावर संध्याकाळी सबंध गाव एकाच वेळी तुटून पडते, तेव्हा संदेशांची गत त्या एसटीसारखी होते. पडद्यावरचा शत्रू धावता धावता अचानक पाच पावले पुढे उगवतो, ते यामुळे.

या विलंबावर खेळ तीन युक्त्यांनी मात करतात. पहिली युक्ती म्हणजे सगळेच संदेश पोचलेच पाहिजेत असा हट्ट सोडणे. बाजार समितीतला सकाळी दहाचा कापसाचा भाव वाटेत हरवला, तर बारा वाजता तोच पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो, बाराचा भाव पाठवावा. खेळाडू कुठे उभा आहे हा निरोप त्या भावासारखा आहे. हरवला तर जाऊ द्यावा, पुढचा ताजा येतोच आहे. पण कोण मेला, झेंडा कुणी नेला आणि गुण किती झाले, हे निरोप खरेदीखतासारखे असतात, ते पोचल्याची पावती घ्यावीच लागते. दुसरी युक्ती अंदाजाची. बंडी आमराईमागे गेली की ती पलीकडून कुठे आणि केव्हा निघेल हे आपल्याला न पाहता कळते, तसेच यंत्र दूरच्या खेळाडूचा वेग पाहून त्याला पुढे सरकवत राहते आणि खरी बातमी आली की चूक सुधारते. तिसरी युक्ती स्वतःच्या हालचालीची. तुम्ही कळ दाबताच तुमचा योद्धा तुमच्या पडद्यावर लगेच हलतो, पंचाच्या होकाराची वाट पाहत नाही, आणि पंचाने नंतर नकार दिला तर त्याला मागे ओढले जाते.

हा पंच कोण? 'हेलो २' ची खरी मेख इथे आहे. जोड लावण्याचे काम कंपनीचे सर्व्हर करीत, पण सामना सुरू झाला की पंचगिरी खेळाडूंपैकीच एकाच्या घरातील यंत्राकडे जाई. त्याला 'होस्ट' म्हणत. गोळी लागली की नाही, कवच फुटले की नाही, याचा निर्णय त्या यंत्रावर होई आणि मग तो सर्वांना कळवला जाई. कारण उघड आहे. लाखो सामन्यांसाठी सर्व्हर ठेवणे २००४ मध्ये फार खर्चाचे होते. पण यात पंच स्वतःच खेळत असतो. त्याच्या यंत्राला निर्णय कळायला वेळच लागत नाही, बाकीच्यांना लागतो, आणि समोरासमोरच्या लढतीत तेवढ्याने पारडे झुकते. एका गावचा संघ आणि पंचही त्याच गावचा, अशा कबड्डीच्या सामन्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना आणखी सांगायला नको. होस्ट मध्येच उठून गेला तर सामना थांबे, दुसऱ्या कुणाच्या यंत्राकडे पंचगिरी सोपवली जाई आणि खेळ पुढे चाले. त्या काळच्या मानाने ही करामत अवघड होती.

जिथे पंच खेळाडू असतो तिथे लबाडी आलीच. सर्वांत कुप्रसिद्ध लबाडी अगदी साधी होती. काही मोडेमवर एक कळ असे, जी दाबली की इंटरनेट तात्पुरते तुटे. होस्ट असलेला खेळाडू ती क्षणभर दाबी. बाकीच्यांच्या पडद्यावर सगळे गोठून जाई, आणि पंचाच्या यंत्रात मात्र तो एकटा फिरून उभ्या पुतळ्यांना टिपत असे. कळ सोडली की इतरांना एवढेच समजे की आपण मेलो. शिवाय दुसरी खाती काढून पातळी १ वर उतरणारे मुरलेले खेळाडू होतेच. नामांकित मल्लाने नाव बदलून शेजारच्या तालुक्यातील पोरांच्या कुस्तीत उतरावे, तसा तो प्रकार. बंगीने २००५ मध्ये दुरुस्त्या पाठवल्या, बरेच लबाड हाकलले, तरी ही खोड मुळासकट गेली नाही, कारण ती रचनेतच होती. पुढे मोठ्या खेळांनी पंचगिरी कंपनीच्या सर्व्हरकडे नेली. त्यातून निःपक्षपातीपणा आला, पण सर्व्हर ज्या शहरात आहे त्याच्या जवळच्यांचा फायदा आणि लांबच्यांचा तोटा हे नवे दुखणेही आले.

जोड लावणे किती नाजूक काम आहे, याचा पुरावा दहा वर्षांनी मिळाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'मास्टर चीफ कलेक्शन' या नावाने जुने खेळ एकत्र करून पुन्हा आणले गेले, त्यात नव्या साजातला 'हेलो २' होता. चित्रे सुरेख होती, पंचगिरीसाठी सर्व्हरही होते, पण जोड लागेना. लोक मिनिटांमागून मिनिटे वाट पाहत, मग तीन विरुद्ध पाच असे विषम संघ पडत. बनवणाऱ्या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि दुरुस्त्या पुढे दीर्घकाळ चालल्या. हा संच आता संगणकावरही मिळतो, त्यामुळे ज्याला मूळ गोष्ट चाखायची आहे त्याला जुने यंत्र शोधत बसण्याची गरज नाही.

मूळ 'हेलो २' चा शेवट मात्र मला राहून राहून आठवतो. पहिल्या पिढीच्या एक्सबॉक्सवरील खेळांसाठीची इंटरनेट सेवा मायक्रोसॉफ्टने १५ एप्रिल २०१० रोजी बंद केली. त्या दिवसानंतर कुणालाही नव्याने आत येता येणार नव्हते. पण जे आधीपासून आत होते त्यांना बाहेर काढले गेले नाही, आणि पंचगिरी तर खेळाडूंच्याच यंत्रांवर होती. म्हणून काही जणांनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत. बाहेर पडला तो कायमचा बाहेर, हे सर्वांना ठाऊक होते. वीज जाणे, यंत्र तापणे, तार निसटणे, यांपैकी काहीही एकदा झाले की तो माणूस गेला. आठवड्यामागून आठवडे संख्या घटत गेली, शेवटी चौदा जण उरले, आणि मग तेही एकेक करून कमी झाले. जोड लावणारा निघून गेला होता, पण सामने चालू होते, त्याच त्या माणसांचे, त्याच त्या नकाशांवर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतला शेवटचा खेळाडू बाहेर पडला, त्याआधी काही काळ तो त्या मैदानात एकटाच होता.